मिरजेच्या पाळकसाहेबांना, जतहून

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम.

पत्र उघडं लिहितोय. घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून बायबलात ठेवून दिलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. नाव घालायचं नाही ही तुमची अट मात्र पाळतोय.

आमच्या जत तालुक्यात मिशन म्हटलं की दवाखाना. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आमच्याकडचा माणूस जड दुखणं आलं की मिरज गाठतो. त्यामुळं शाळेतले सहकारी म्हणाले, "आमच्या चर्चमधल्या निवृत्त पाळकांना भेटा," तेव्हा पाळकांचं इथं काय काम, हेच मला कळेना.

काम होतं ते असं. धाकटा भाऊ आणि भावजय, म्हणजे तोडणीच्या भाषेत नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून ऐंशी हजार उचल घेऊन कृष्णाकाठी ऊस तोडायला गेले. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी परतली, ही दोघं परतली नाहीत. उचल फिटली नाही म्हणून मुकादमानं त्यांना वीटभट्टीवर नेऊन बसवलं होतं. हिशेब दाखवला नाही. फोन काढून घेतला. पोरगं त्याच्याच वस्तीवर जनावरांमागं.

भावकीनं दोन वाटा काढल्या होत्या. वडीलधारे म्हणत, वर्गणी काढू आणि पैसे तोंडावर फेकू. पोरं म्हणत, रात्री टेम्पो भरून जाऊ आणि बघून घेऊ. तुम्ही ओट्यावर बसून दोन्ही ऐकलंत आणि दोन्हींना नाही म्हणालात. पोरांना नाही म्हणणारे पुष्कळ असतात. वर्गणीला नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. "पैसे भरलेत तर तो सावकार ठरतो आणि तुमचा भाऊ बुडव्या. कायद्यानं ते कर्जच उरलेलं नाही," असं तुम्ही म्हणालात आणि पिशवीतून १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची झिजलेली प्रत काढलीत. असं कर्ज रद्द होतं हे त्यात लिहिलेलं आहे. ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, हेही लिहिलेलं आहे. वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवतोय, वेठबिगारीला मनाई करणारं घटनेचं २३ वं कलम पोरांकडून पाठ करून घेतो. ते वीटभट्टीवर चालतं हे मात्र तुमच्या पिशवीनं दाखवलं.

मग अर्ज आणि हेलपाटे. एका कचेरीत साहेब म्हणाले, "घेतलेत ना पैसे? मग फेडायला नकोत?" तुमच्याबरोबरच्या वकीलबाई काही बोलणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "साहेब, हे तेवढं अर्जावर लिहून द्या." ते लिहून कशाला देतील! पण दुपारनंतर पथक निघालं, हेही खरं. भट्टीवर तुम्ही मुकादमाशी वाद घातला नाहीत. भावजयीचा जबाब मालकासमोर नको, बाजूला नेऊन घ्या, एवढाच हट्ट धरलात. ती काय बोलली ते इथं लिहीत नाही. मालक समोर असता तर ती काहीच बोलली नसती.

मुक्तीचं प्रमाणपत्र हातात पडलं. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत मिळते. पुनर्वसनाची पुढची रक्कम, पुरुषाला एक लाख आणि बाईला दोन, ही गुन्हा शाबित होण्यावर अडलेली असते. पीडितानं आधी खटला जिंकायचा आणि मग पोट भरायचं, ही रचना ज्यानं आखली त्याला एकदा भट्टीवर उभं करावं. तुम्ही असं बोलणार नाही, म्हणून मी बोलतो.

कचेरीच्या बाकावर तुम्ही सांगितलेल्या गोष्टींनी वेळ गेला. मोझांबिकमधलं यादवी युद्ध १९९२ मध्ये थांबलं, त्याच्या वाटाघाटी रोममध्ये सांत एजिदिओ नावाच्या कॅथलिक मंडळींनी घडवल्या. चिलीत हुकूमशाहीत गायब केलेल्या माणसांची प्रकरणं सांतियागोच्या चर्चचं कार्यालय नोंदवून ठेवत होतं. आणि लगेच तुम्हीच उलट बाजूही सांगितलीत. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चनं वर्णभेदाला बायबलचा आधार दिला होता आणि तिथलेच आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना सरकारइतकंच त्या शिकवणीशी लढावं लागलं. "चर्चनं केलं म्हणजे चांगलंच असेल असं नाही, मास्तर." आमच्याकडं आपल्या देवळाबद्दल असं बोलणारा विरळाच.

वर्णभेदाच्या काळातले गुन्हे तपासणाऱ्या टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगात माफी मागणाऱ्यानं काय केलं ते पूर्ण सांगावं लागे, हेही तिथंच ऐकलं. त्याचा उपयोग नंतर कळला. सुटकेनंतर मुकादमाची माणसं धमक्या देऊ लागली, तेव्हा तुम्ही एकटे त्याच्या घरी गेलात. त्याच्या गावात आमच्या सोयरिकी आहेत, वैर पेटलं असतं तर लेकीबाळी होरपळल्या असत्या. त्याचंही रडगाणं ऐकलंत: वाहतूकदाराकडून त्यानं उचललेले लाखो रुपये, आधीच्या हंगामात उचल घेऊन पळालेले कोयते, गहाण पडलेलं शेत. खोटं नव्हतं ते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तक्रार मात्र मागं घेणार नाही असं त्याच्याच घरात चहा पिऊन सांगितलंत. धमक्या थांबल्या. तो आता आमच्याशी बोलत नाही, पण बाजारात दिसला तर वाट सोडून उभा राहतो. सध्या एवढं पुरे.

"ही मंडळी शेवटी धर्म बदलायला लावतात" असं गावात कुजबुजणारे होते, अजूनही आहेत. आईनं यल्लमाचा भंडारा पुढं केला, तुम्ही हात जोडलेत. तिनंच आग्रह केला म्हणून दोन ओळींची प्रार्थना केलीत आणि चहात साखर कमी सांगितलीत. यापलीकडं धर्म आमच्या घरात आला नाही.

एक गोष्ट मनात आहे ती लिहितो. दलित हिंदूला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही. दलित ख्रिस्ती माणसाला १९५० च्या आदेशानं तो आजही नाही. तुमच्या मंडळीतल्या पोरांचे दाखले त्यामुळं अडतात, हे मला वकीलबाईंकडून कळलं. दुसऱ्याचं प्रमाणपत्र मिळवायला चार कचेऱ्या पालथ्या घातल्यात, पण त्या बाकावर स्वतःच्या लोकांचं हे तुम्ही एकदाही काढलं नाहीत. त्या मागणीच्या निवेदनावर सही लागेल तेव्हा माझी आणि भावाची धरून चाला.

भाऊ यंदा तोडणीला जात नाही. त्यानं एक वही केली आहे: वाडीतून कोण कुठल्या मुकादमाबरोबर जातोय, उचल किती घेतली, पोरं कुणाकडं ठेवली. दसऱ्यानंतर टोळ्या हलतील. त्याआधी एकदा येऊन वही तपासा, रकाने बरोबर पडलेत का ते त्याला तुमच्याकडूनच ऐकायचंय. भावजयीनं जेवायलाच या म्हणून सांगितलंय, शेंगोळ्या करणार आहे.

आपला,
जत तालुक्यातला एक मास्तर