काका, तुम्ही कागद धरलात त्याबद्दल

काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या बोटांच्या अपघाताच्या भरपाईची रक्कम खात्यात जमा झाली हे फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही "बरं झालं, व्याजाचा हिशेब तेवढा नीट तपासून घ्या" म्हणालात आणि समोर कुणी बसलंय म्हणून फोन ठेवलात. आभार मानायचे राहूनच गेले. समोर येऊन मानायला लागलो असतो तर तुम्ही बोलू दिलं नसतं. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रात, गेली. त्या प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेला आडोसा, मालकानेच काढायला लावलं होतं, कारण गार्ड असलं की तासाला पीस कमी पडतात. पत्र्याची शेड, आम्ही सात-आठ जण, पगार रोख, हजेरी मालकाच्या वहीत. दवाखान्यात नेताना गाडीतच ठरलं की घरी दारात बोटं सापडली असं सांगायचं, आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी गुंगीत असताना मालकाच्या माणसाने माझा डावा अंगठा शाईत बुडवून एका कागदावर उठवला. मला सही येते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 'उपचाराचा खर्च मिळाला, आता माझी काही मागणी नाही' असं त्यावर होतं, हे मला फार नंतर कळलं.

भरपाई मागायला गेलो तर मालकाने कानावर हात ठेवले. हा आमचा कामगारच नाही, म्हणे. काम शिकायला चार दिवस येत होता. ज्या शेडचं कुलूप मी रोज सकाळी उघडत होतो, त्या शेडच्या दारात उभं राहून त्याने हे सांगितलं.

मग जिथे जिथे गेलो तिथलं काय सांगू? एका पुढाऱ्याने बँडेज केलेल्या हातासकट माझा फोटो काढून घेतला आणि नंतर फोन उचलला नाही. एका वकिलाने कागद बघायच्या आधी स्वतःचा हिस्सा ठरवायला घेतला. कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर टोलवाटोलवी चालली, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: "तुमचं लक्ष कुठे होतं?" याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा कुणी काही करील ही आशाच उरली नव्हती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, अर्ज लिहून काढलात आणि माझ्यापुढे सरकवलात. टेबलावर शाईचं पॅड होतं. सवय झाल्यासारखा मी अंगठा पुढे केला. तुम्ही पॅडचं झाकण लावून ते खणात ठेवलंत.

"सही येते ना तुम्हाला?"

"येते, पण या हाताने पेन धरवत नाही."

"मग डाव्याने करा. वाकडी आली तरी चालेल, पण सहीच करा."

डाव्या हाताने लिहायला लागलं की कागद फिरतो. तो दाबून धरायला दुसरा हात लागतो, आणि माझा दुसरा हात गळ्यात बांधलेला. तुम्ही काही न बोलता खुर्ची पुढे ओढलीत आणि कागदावर तळहात ठेवलात. पहिल्या पानावर आडनाव रेघेच्या खाली घसरलं. मी खोडायला गेलो, तर म्हणालात, "राहू द्या, वाचता येतंय." मग दुसरं पान, तिसरं पान. बाहेर माणसं खोळंबली होती, पण तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोने किती रक्कम मिळेल म्हणून विचारलं. मी तिला ते सांगितलंच नाही, कागद धरल्याचं सांगत बसलो.

कायदा तुम्ही मला समजेल असा सांगितलात. कामावरच्या अपघातासाठी तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कायद्याप्रमाणे भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद करून घेतला तरी तो रद्दबातल असतो, हे तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्या अंगठ्याचं ओझं माझ्या छातीवरून उतरलं. नुसतं लक्ष नव्हतं एवढ्यावर मालकाची सुटका होत नाही. कामगार नशेत असला, सुरक्षेची सूचना त्याने मुद्दाम मोडली किंवा गार्ड जाणूनबुजून काढलं, असलं काही मालकाला दाखवावं लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट. हा आकडा वाचून तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, "पाना धरता येतो? शर्टाची बटणं कोण लावतं?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

आणि चलनं, म्हणजे माल पोचवल्याच्या पावत्या! "तुमची सही आणखी कुठे कुठे असेल, आठवा," असं तुम्ही म्हणाला नसतात तर मला कधीच सुचलं नसतं. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांसाठी करून दिलेला, माल पोचवायला मीच जायचो, आणि चलनावर माल देणारा म्हणून सही माझीच असायची. चार दिवस शिकायला आलेल्या माणसाच्या इतक्या जुन्या सह्या कुठून आल्या, याला मालकाकडे उत्तर नव्हतं. ज्या कारखानदाराने जुन्या फायली उपसून त्या चलनांच्या प्रती दिल्या, त्यांचेही इथेच आभार मानतो. आमच्या मालकाशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. नाही म्हणाले असते तर त्यांना कुणी बोल लावला नसता. तरी त्यांनी दिल्या, वर झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा निभाव लागतो. त्यांचं नाव कुठे छापून येत नाही, सत्कार होत नाही, आणि आपण काही विशेष केलं असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही. मला मात्र ते फार मोठं वाटतं, आणि ते मी मोठ्याने सांगणार.

एक काम आणतोय, काका. शेजारच्या गाळ्यातल्या एका पोराचा अंगठा गेलाय. त्याच्या मालकानेही तेच चालवलंय, ओळखच दाखवत नाही. पोरगा घाबरलाय, घरचे म्हणतात कशाला भांडण. अपघाताला वर्षही झालेलं नाही, म्हणजे दाव्याची 2 वर्षांची मुदत हातात आहे. केसपेपर आणि मोबाइलवर मालकाने पाठवलेले कामाचे मेसेज त्याला जपून ठेवायला सांगितलेत. सोबत काम करणारा एक जण साक्ष द्यायला तयार आहे. तुम्हाला कोणता दिवस सोयीचा ते कळवा, मी स्वतः त्याला घेऊन येतो.

तुमचा,
एक प्रेस ऑपरेटर