विन्याला पत्र

सातारा,
१२ जुलै

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

नवी किडनी बसवून तीन महिने झाले आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालली नाही की रक्तात वाढतं ते) १.१ वर आहे, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी एका ओळीत उरकलंस, 'दहा दिवस पोट ढिलं आहे, डॉक्टरांना काय सांगायचं ते', त्यावरून मला चैन नाही.

मीही हेच केलं होतं. पाचव्या महिन्यात जुलाब लागले, दिवसाला आठ-दहा वेळा. मला बसवलेली किडनी आईची. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून संडासात नळ सोडून बसायचो. ती मऊ भात-ताक पुढ्यात ठेवायची, मी खाली मान घालून जेवायचो. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आपल्या गोळ्या, मायकोफेनोलेट आणि टॅक्रोलिमस; त्यांचाच दोष असणार म्हणून मायकोफेनोलेट माझ्या मनानंच निम्मी केली. टॅक्रोलिमस तर जुलाबात वाहूनच जात असेल, असं वाटायचं.

एका सकाळी चहा घेताना माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. हात थांबेचना. आईनं ते पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एरवी ७ च्या आसपास, ती १८ निघाली! आतड्याचं अस्तर ही गोळी एरवी बरीचशी अडवतं, तिथंच मोडतं. ते बिघडलं की जास्त औषध रक्तात उतरतं, त्यानंच हात थरथरतात आणि तेच किडनीला बाधतं. शिवाय अंगातलं पाणी गेलेलं. क्रिएटिनिन २.४.

जुलाब गोळीचेच असतील असंही नाही, विन्या. आपली प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यामुळे सीएमव्ही, नोरोव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, सी. डिफिसिल, असल्या कुठल्याही जंतूचा संसर्ग असू शकतो. माझं शौच तपासलं, रक्त तपासलं, कोलोनोस्कोपी करून, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून, तपासायला अस्तराचा तुकडा काढला. शेवटी मायकोफेनोलेटच निघालं. पांढऱ्या पेशींची वाढ रोखताना ते आतड्याच्या अस्तरालाही सोडत नाही. आधी डोस कमी करून दिवसातून चार वेळा विभागून दिला, तरी जमेना, तेव्हा त्याऐवजी अ‍ॅझाथायोप्रिन या दुसऱ्या गोळीवर नेलं. मग पोट ठरलं. डोस डॉक्टरांनीही कमीच केला, पण दर आठवड्याला रक्त बघत. मी डोळे मिटून केला होता. आईची किडनी त्यात गेली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणखी एक. तू प्रेडनिसोलोनवर, म्हणजे स्टिरॉइडवर आहेस. त्यानं ताप आणि दुखणं दबून राहतं, आतड्याला भोक पडलं तरी सुरुवातीला पोट फारसं दुखत नाही. पोट फुगलं, थोडं जरी दुखलं किंवा शौचात रक्त दिसलं तर रात्र काढू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ. मेडिकलमधून जुलाब बांधायची गोळीही आणू नकोस.

पत्र मिळताच तुझ्या ट्रान्सप्लान्ट कोऑर्डिनेटरला फोन कर. किती वेळा, किती दिवस, सगळं सांग. पातळी तपासायला सांगतील त्या सकाळी रक्त देईपर्यंत टॅक्रोलिमस घेऊ नकोस, दिल्यावर लगेच घे. वहिनींनाही सांग, त्यांच्यापासून लपवू नकोस.

रिपोर्ट आला की कळव. मी वाट बघतोय.

तुझाच,
सतीश