'ताबा आदेश : ०' छापून दोन हजार चारशे नव्व्याण्णव रुपये घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक व तक्रार निवारण अधिकारी

विषय : धायरी येथील सदनिकेच्या 'प्रीमियम कायदेशीर तपासणी अहवाला'तली चुकीची नोंद आणि त्यावर आपल्या माणसांनी दिलेली उत्तरं

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं शेवटचं बोलणं आज सकाळी झालं. शेवटचं अशासाठी की यापुढे मी फोनवर बोलणार नाही. जे असेल ते लेखी.

धायरीतला फ्लॅट घेण्याआधी मी आपल्याकडून त्याचा कायदेशीर तपासणी अहवाल विकत घेतला. तो कसा असतो हे मी आपल्याला सांगायला नको. पान १ वर हिरवं वर्तुळ, आत ९२ गुण. पान २ वर दिवाणी दावे ०, फौजदारी प्रकरणं ०, ताबा आदेश ०. पान ३ वर देशात पाच कोटींहून जास्त खटले प्रलंबित असल्याचा रंगीत तक्ता. त्या पाच कोटींचं मी काय करायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. मला धायरीतल्या एका फ्लॅटची माहिती हवी होती, देशाची नव्हे.

ज्या दिवशी आपण 'ताबा आदेश : ०' छापलंत, त्या दिवशी थकलेल्या कर्जापोटी त्याच फ्लॅटचा ताबा वित्तसंस्थेला मिळवून देण्याचा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश होऊन गेलेला होता. तहसीलदारांचं पत्र सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, टाचणीने लावलेलं होतं. फ्लॅटच्या दारावर सेफ्टी डोअरच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेला कागद कुणीतरी नखांनी खरवडून काढला होता. पण सगळा निघाला नव्हता. वरच्या कोपऱ्यात 'सांकेतिक ताबा' (म्हणजे कागदोपत्री घेतलेला ताबा) आणि खाली 'प्राधिकृत अधिकारी' एवढं स्वच्छ वाचता येत होतं. विक्रेते म्हणाले, पाणीपट्टीचं काहीतरी आहे. पाणीपट्टी वसूल करायला महापालिका प्राधिकृत अधिकारी नेमून घराचा सांकेतिक ताबा घेते, ही माहिती मला नवीन होती.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर्तमानपत्राची घडीही काढून दाखवली. त्यात चौकटीत छापलं होतं की कर्जदाराला विशेषत्वाने आणि सर्वसाधारण जनतेला सावध करण्यात येत आहे, सदर मालमत्तेबाबत कोणताही व्यवहार करू नये. ती सर्वसाधारण जनता म्हणजे मी. मला सावध करण्यासाठी वित्तसंस्थेने पेपरात पैसे भरून जाहिरात दिली, आणि मला बेसावध ठेवण्यासाठी मी आपल्याला पैसे भरले.

आता आपल्या माणसाशी झालेलं बोलणं. हे आपण नीट वाचावं, कारण 'गुणवत्तेसाठी कॉल रेकॉर्ड होतो' असं आपण सांगता, पण तो ऐकत कुणी नसावं.

मी म्हणालो, अहवाल चुकीचा आहे, ताब्याचा आदेश झालेला आहे.

तो म्हणाला, "सर, कोर्टाचा आदेश आहे का?"

मी म्हणालो, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे. म्हणजे कलेक्टरांचा.

"मग तो कोर्टाचा नाही ना सर. आपल्या रिपोर्टमध्ये कोर्टाचं सगळं येतं. झीरो म्हणजे झीरो. रिपोर्ट करेक्ट आहे."

मी विचारलं, तक्त्यात 'ताबा आदेश' लिहिलंय, 'कोर्टाचा ताबा आदेश' असं कुठे लिहिलंय? तो म्हणाला, एक मिनिट. ते मिनिट बरंच लांबलं. मागून कुणाला तरी डब्यात काय आणलंय असं विचारल्याचं मला ऐकू आलं. मग परत येऊन म्हणाला, "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका." इथे मी सर होतो तो काका झालो. मी त्याचा काका नाही. पुढे म्हणाला, "ते सगळं टेक्निकल असतं. तुमच्या वयाच्या कस्टमरसाठी आपला बेसिक रिपोर्ट आहे, त्यात आकडे कमी असतात, कन्फ्यूजन होत नाही."

मी जलसंपदा खात्यात हिशेबात नोकरी केली आहे. आकड्यांनी मी गोंधळत नाही. आकड्यामागे काय मोजलंय हे विचारलं की समोरचा गोंधळतो, असा माझा अनुभव आहे.

मी त्याला शेवटचं विचारलं, की तुम्ही नक्की कुठे शोधलंत? तो म्हणाला, "सिस्टीममध्ये."

साहेब, ही सिस्टीम काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. विक्रेत्याचं नाव ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाकलं, काही आलं नाही, शून्य छापलं. विहिरीत डोकावायचंच नाही आणि विहीर कोरडी असल्याचा दाखला द्यायचा.

थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा सरफेसी कायदा २००२ सालचा आहे. आपल्या वेबसाइटवर 'आमची कायदेतज्ज्ञांची टीम' म्हणून सहा जण हाताची घडी घालून उभे आहेत, त्यांतल्या कुणीतरी तो वाचला असेलच. कर्ज थकलं, खातं बुडीत ठरलं, की वित्तसंस्था कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते. त्या नोटिशीनंतर कर्जदाराला वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकताच येत नाही. ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर दारावर कागद चिकटतो आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली अर्ज जातो, त्यावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश व्हावा असं कायदा म्हणतो. या सगळ्यात दिवाणी कोर्ट कुठेच नाही. नाही म्हणजे कलम ३४ ने त्याला हात घालायलाच मनाई केली आहे. तेव्हा शिवाजीनगरच्या कोर्टात या फ्लॅटचा दावा सापडला नाही, यात आश्चर्य काय? तो तिथे असूच शकत नव्हता. कर्जदाराला दाद मागायची तर ती ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, आणि त्याचं संकेतस्थळ वेगळं आहे. वित्तसंस्थेचा ताब्याचा अर्ज मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला असता तर ई-कोर्ट्सवर काही दिसण्याची शक्यता तरी होती. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मार्ग मोकळा केला आहे. इथे वित्तसंस्था कलेक्टरांकडे गेली.

मग 'ताबा आदेश' हा रकाना आपल्या तक्त्यात आला कुठून? मला वाटतं, मला उत्तर माहीत आहे. इंग्लंड आणि वेल्सचं न्याय मंत्रालय दर तिमाहीला घरांच्या ताब्याची आकडेवारी काढतं. त्यात दावे किती, आदेश किती, वॉरंट किती आणि बेलिफने, म्हणजे कोर्टाच्या माणसाने, प्रत्यक्ष ताबा घेतलेली घरं किती, हे वेगवेगळं मोजतात. आदेशांतही सरळ आणि स्थगित असे दोन भाग. तिथे ते मोजता येतं, कारण कर्ज देणाऱ्याला लोक राहत असलेल्या घराचा ताबा हवा तर सहसा काउंटी कोर्टातच जावं लागतं. तो रकाना कुणीतरी तिथून उचलून पुण्याच्या फ्लॅटला चिकटवला. तिकडे शून्य म्हणजे मोजल्यावर आलेलं शून्य. आपलं शून्य म्हणजे बघितलंच नाही.

बघायला जागा नव्हत्या असंही नाही. सेरसाई ही गहाणांची केंद्रीय नोंदवही कुणालाही किरकोळ फी भरून तपासता येते. महाराष्ट्रात मालमत्तेची कागदपत्रं ठेवून कर्ज घेतलं की ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे त्या गहाणाची सूचना, दाखल करावी लागते, ती हवेलीच्या दुय्यम निबंधकांकडे मिळते. ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची माहिती वित्तसंस्थांनी आपापल्या संकेतस्थळावर टाकावी, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्येच सांगितलं आहे. आणि वर्तमानपत्र होतंच, जे त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना परवडतं. यांतलं एकही आपल्या पान २ वर नाही. पान ३ वर मात्र पाच कोटी खटले आहेत, लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांत.

विक्रेत्यांना मी टोकनचा चेक दिला तो आपलं हिरवं वर्तुळ बघून. तो वटला. ते पैसे परत मिळवण्याची कटकट आता माझी आणि माझ्या वकिलांची. त्यात आपण फक्त 'समजू शकतो सर' असं म्हणता. समजू शकता तर छापलंत कशाला? माझ्या भाच्याने आपलं नाव सुचवलं होतं, चांगले लोक आहेत म्हणून. तो आता माझ्यासमोर विषय टाळतो. मलाही वाटलं होतं की वकिलाने टायपिस्टकडून काढून घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या सर्च रिपोर्टपेक्षा हे बरं असेल. त्या टायपिस्टने निदान 'अमुक इतक्या वर्षांचा शोध अमुक कार्यालयात घेतला' असं लिहिलं असतं.

मला हवंय ते असं. अहवालाचे पैसे जीएसटीसह परत. कोणत्या नोंदी, कोणत्या तारखेला, कुठे तपासल्या, याचं लेखी उत्तर. जे तपासलं नाही त्यापुढे '०' न छापता 'तपासले नाही' असं छापायला आजपासून सुरुवात. माझ्याआधी ज्यांना हाच रकाना विकला, त्यांनाही हे कळवा. त्यांच्यातलं कुणी अजून सही करायचं बाकी असेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. आपलं कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे म्हणून मला तिकडे यावं लागेल असं समजू नका. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी शून्य आहे. हे शून्य मी तपासलेलं आहे. ग्राहक पंचायत १९७४ साली याच शहरात उभी राहिली, तिथेही मला ओळखणारे आहेत.

उत्तर ईमेलने आणि टपालाने, दोन्हीकडे पाठवा. 'आपल्या अडचणीबद्दल खेद आहे' एवढ्याच मजकुराचं असेल तर पाठवू नका, तसलं माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
सध्या तरी ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे

सोबत : अहवालाची पानं १ ते ३, वर्तमानपत्रातल्या ताबा नोटिशीची झेरॉक्स, तहसीलदारांच्या पत्राचा फोटो, पैसे भरल्याची पावती