लिफ्ट किटबद्दल तक्रार: उंची निम्मीच, राइड आधीपेक्षा वाईट, ब्रेकचा प्रश्न वेगळाच

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक व ग्राहक सेवा विभाग

तुमच्या मदत केंद्राशी आज शेवटचं बोललो. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे लेखी.

पिकअपची उंची वाढवण्यासाठीचं तुमचं लिफ्ट किट मी तुमच्याच अधिकृत फिटरकडून बसवून घेतलं. खोक्यावर ठळक छापलंय: ग्राउंड क्लिअरन्स ५० मिमी जास्त, राइड आरामदायी. आत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, आवळायचे; मागे पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकल लांब लावायच्या. शॉकॲब्सॉर्बर जुनेच.

तुमची शॅकल मूळ शॅकलपेक्षा ५० मिमी लांब आहे. ती पाट्याच्या एकाच टोकाला बसते, त्यामुळे चॅसी उचलली जाते ती साधारण निम्मीच. टेप लावून मोजलं, मागचा मडगार्ड २५ मिमी वर गेलाय. म्हणजे खोक्यावरचे ५० मिमी हे शॅकलचं माप आहे, गाडीच्या उंचीचं नाही. हे तुमच्या इंजिनिअरना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आणि दगड घासतो तो डिफरन्शियलच्या गोळ्याला, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या फुगीर घराला. पाटे बदला, शॅकल बदला, ॲक्सल चाकांच्या मधोमधच राहणार. तो वर जातो मोठ्या टायरने, तोही व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्मा. माझे टायर तेच आहेत, म्हणून गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर आहे. मग क्लिअरन्स नेमका कुठे वाढला, तेवढं सांगा.

आता राइड. टॉर्शन बार आवळला की तोंड वर येतं, पण बार मऊ होत नाही. चाकाला खाली उतरायला जी मोकळीक होती, म्हणजे ड्रूप, ती मात्र संपते. खड्ड्याच्या कडेवरून चाक खाली गेलं की चाक धरणारा आर्म रिबाउंड स्टॉपवर, म्हणजे त्याला खाली अडवणाऱ्या टेकणीवर, आपटतो आणि तो ठोका स्टिअरिंगमधून थेट मनगटात येतो. किट बसवण्याआधी हा ठोका नव्हता.

हेच मी आज तुमच्या तांत्रिक सल्लागाराला सांगत होतो. त्याने विचारलं, "सर, गाडी रिकामी चालवता का?" म्हटलं, रिकामीही आणि भरूनही. "मग मागे वाळूच्या गोण्या ठेवून बघा, मऊ वाटेल." मी विचारलं, पुढच्या चाकाचा ठोका मागच्या गोण्यांनी कसा जाईल? फोन होल्डवर. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकवली, त्यातही पुन्हा आरामदायी राइड. परत येऊन म्हणाला, "सिस्टीममध्ये अशी तक्रार नाही सर, म्हणजे किटमध्ये दोष नाही." मी आवाज न चढवता विचारलं, बार आवळल्यावर पुढे ड्रूप किती मिमी राहायला हवा? त्यावर उत्तर आलं, "तो कुठला पार्ट आहे सर? पार्ट नंबर सांगा." सस्पेन्शन विकणाऱ्या कंपनीचा तांत्रिक सल्लागार ड्रूपचा पार्ट नंबर मागतो! शेवटी वरून उपदेश: "खराब रस्त्यावर गाडी हळूच चालवायची असते." अहो, खराब रस्त्यासाठीच तर किट घेतलं. गाडी उचलायचे पैसे घेतलेत आणि आता वजन टाकून ती खाली बसवायला सांगता? याला सल्ला म्हणत नाहीत, हा ग्राहकाचा अपमान आहे.

सगळ्यात गंभीर गोष्ट त्याने ऐकूनच घेतली नाही. माझ्या गाडीत मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, गाडीतल्या वजनाप्रमाणे ब्रेकचा जोर ठरवणारा. चॅसी आणि ॲक्सल यांतलं अंतर वाढलं की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. व्हॉल्व्हला ॲक्सलशी जोडणारं लिंकेज नव्या उंचीला जुळवून घ्यायला हवं. तुमच्या किटमध्ये त्यासाठी ब्रॅकेट नाही, माहितीपत्रकात एक ओळ नाही, फिटरने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. भरलेली गाडी उतारावर असताना हे लक्षात आलं असतं तर? ब्रेकच्या बाबतीत असा हलगर्जीपणा मी खपवून घेणार नाही.

तुमच्या कंपनीचे पाटे मी आधीच्या गाडीला वापरले होते, चांगले टिकले. त्या नावावर विश्वास ठेवून हे किट घेतलं. तो विश्वास आता उरलेला नाही.

मला हवंय ते असं: नव्या उंचीला योग्य लांबीचे शॉकॲब्सॉर्बर, टॉर्शन बार ड्रूप मोजून पुन्हा लावणं, व्हॉल्व्हचं ब्रॅकेट आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट, सगळं तुमच्या खर्चाने. जमत नसेल तर किट काढून गाडी मूळ स्थितीत आणून द्या आणि फिटिंगसह पूर्ण पैसे परत करा. आणि खोक्यावरचे ते ५० मिमी खोडा. ते खोटं आहे.

यातलं काहीच झालं नाही तर मापांचे फोटो, पावती आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्या, सही करणाऱ्या इंजिनिअरच्या नावासह. गोण्या सुचवणाऱ्या विभागाचा फोन मला नको.

तक्रारदार ग्राहक