मुलांचे फोटो पुरे झाले, त्यांचा आवाज जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कालपरवापर्यंत कडेवर होता, आता खोलीचं दार लावून घेतो’ अशी वाक्ये पालकांच्या तोंडी नेहमी असतात. त्यात कौतुक असते आणि आत कुठेतरी तुटतही असते. या हुरहुरीवर घरोघरी एकच उपाय चालतो, तो म्हणजे फोटो काढत राहणे. एकेका मुलाचे हजारो फोटो मोबाइलमध्ये साठतात. आम्ही मुलांच्या भाषाविकासाचे काम करतो. आमचे कळकळीचे सांगणे असे की, पुढे ज्याची सर्वांत जास्त आठवण येते ते फोटोत येतच नाही. ते म्हणजे मुलाचे बोलणे.

शरीराची वाढ मागे खुणा ठेवते. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १२च्या आसपास, आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. आखूड झालेले कपडे, लहान पडलेले बूट यांतून ही वाढ डोळ्यांना दिसते. बोलण्यातली वाढ मात्र मागे काहीच ठेवत नाही, आणि तिचा वेग शरीरापेक्षा कितीतरी जास्त असतो.

अडीच-तीन वर्षांचे मूल ‘कावळा’ला ‘तावला’ म्हणते. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लावावा लागतो. ते साधेपर्यंत मूल जिभेच्या शेंड्याने काम भागवते आणि ‘क’चा ‘त’ होतो. ‘ळ’साठी जीभ मागे वळवावी लागते, म्हणून तिथे ‘ल’ येतो. बहुतेक मुलांचा ‘क’ चौथ्या वर्षाच्या आसपास स्थिरावतो. मग काही दिवस ‘कावला’ चालतो आणि एके दिवशी ‘कावळा’ येतो. घरात त्याचे कौतुक होते, पण त्या आनंदात ‘तावला’ गेला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सहा महिन्यांनी पालकांना विचारा, असे दोन-तीन शब्द आठवतात, बाकीचे पुसले गेलेले असतात. आईबापांचा कान रोजच्या नव्या बोलण्याला सरावतो आणि जुने झाकले जाते.

शब्दांपेक्षाही मोलाची असतात ती मुलांची वाक्ये. ‘मी करलं’, ‘बाबा येला’ असे घरातले कुणीही मोठे माणूस बोलत नाही. तरी मूल ते बोलते, कारण बसला, हसला, पडला हे ऐकून त्याने स्वतःच एक नियम काढलेला असतो. ‘केलं’ आणि ‘आला’ हे त्या नियमाचे अपवाद आहेत, हे त्याला अजून कळायचे असते. ही चूक म्हणजे मूल व्याकरण घडवत असल्याचा पुरावा. तीच गोष्ट काळाची. ‘उद्या आपण गेलो होतो ना’ असे म्हणणाऱ्या मुलाला आज नाही एवढे कळलेले असते, मागे की पुढे हे ठरायचे असते. अशी वाक्ये चिडवून दुरुस्त करू नका. ‘हो, बाबा आला’ एवढे सहज म्हणून पुढे बोलत राहावे, बाकीचे मूल आपले आपण सावरते.

ही वर्षे जपण्याचे काम पालकांचेच, कारण मुलाला ती आठवणार नाहीत. मोठेपणी बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचे सारे मुलाने जगलेले असते, पण ते राहते फक्त आईवडिलांकडे. पालकांच्या हुरहुरीचे एक कारण आम्हाला यातच दिसते. पालक आणि मूल यांनी मिळून घालवलेल्या त्या दिवसांचा साक्षीदार म्हणून पुढे पालक एकटाच उरतो.

करायचे काय, ते सोपे आहे. महिन्यातून एकदा, दहा मिनिटे, मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरवर मुलाचे बोलणे टिपायचे. पंखा आणि टीव्ही बंद करा. पंख्याची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, ध्वनिमुद्रणात मात्र ती मुलाच्या बारीक आवाजावर बसते. फोन मुलापासून हात-दीड हातावर पालथ्या घातलेल्या पुस्तकावर ठेवा. तो थेट टेबलावर असला की प्रत्येक धक्का दणका होऊन येतो. सुरुवातीला तारीख आणि मुलाचे वय स्वतःच्या आवाजात सांगा. मग फोन विसरून जा.

सर्वांत मोठी चूक होते ती इथे. ‘गाणं म्हणून दाखव बरं’ म्हटले की मूल सादरीकरण करते. ते पाठ केलेले असते, त्यात मूल कमी आणि शिकवणारा जास्त ऐकू येतो. खरे बोलणे हवे असेल तर मुलाचे हात कामात गुंतलेले हवेत. चित्र काढताना, ठोकळे रचताना, कपड्यांच्या घड्या घालायला मदत करताना मूल आपोआप बोलते. प्रश्न असा विचारावा की उत्तर हो-नाहीत संपणार नाही. पाऊस येतो कुठून? तू झोपल्यावर घरात काय होतं? तू मोठा झालास की मी केवढी असेन? विचारल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजा. मुलाला वाक्य जुळवायला वेळ लागतो आणि पालक तिसऱ्या सेकंदाला उत्तर पुरवून मोकळे होतात. अशी कितीतरी मुद्रणे आम्ही ऐकली आहेत ज्यांत मूल फक्त ‘हं’ म्हणते.

वाढदिवसाला मात्र दरवर्षी तेच पाच प्रश्न विचारावेत. एकाच प्रश्नाचे तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या वर्षीचे उत्तर एकापाठोपाठ ऐकले की मूल कसे वाढले ते जसे कळते, तसे हजार फोटोंतून कळत नाही. आणि स्वतःचा आवाज कापून टाकू नका. पुढे मुलाला तरुणपणीचे आईवडील ऐकायचे असतात.

जागेची चिंता नको. दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला दहा एमबीच्या आसपास जागा लागते, तेवढ्याच व्हिडिओला शेकडो एमबी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा (२०२५-०६-१४ असा), म्हणजे सगळे आपोआप क्रमाने लागते. व्हॉट्सॲपवरून पाठवायचे झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तिथला व्हॉइस मेसेज आवाज बराच दाबतो. प्रती तीन हव्यात: एक फोनमध्ये किंवा संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिला की त्यातले उडू शकते. वर्षातून एकदा तिन्ही प्रती उघडून ऐका, आणि क्लाउडचा पासवर्ड घरात दोघांना ठाऊक असू द्या. आठवणी हरवतात त्या बहुतेकदा फोन बदलताना.

या मुद्रणांचा आणखी एक उपयोग आहे. चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही समजायला हवे. घरच्यांना सवयीने सगळे कळत असते, त्यामुळे उणीव लक्षात येत नाही. मुद्रण बाहेरच्या कुणाला ऐकवले आणि निम्मे कळलेच नाही, तर आधी मुलाचे कान तपासून घ्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. सहा महिन्यांपूर्वीचे मुद्रण सोबत असेल तर तज्ज्ञांना प्रगती नेमकी कळते.

मूल मोठे झाले की मात्र त्याला विचारूनच मुद्रण करावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःचे बोबडे बोल पाहुण्यांसमोर ऐकवले की ओशाळल्यासारखे होते, आणि ते रास्त आहे. तो आवाज त्याचा आहे. चोरून तर मुळीच टिपू नये. एकदा विश्वास गेला की दार खरोखरच बंद होते.

ज्यांनी यातले काहीच केले नाही त्यांनी जुने व्हिडिओ पुन्हा उघडावेत. चित्र झाकून फक्त ऐकावे. कॅमेऱ्यामागे, भलत्याच प्रसंगात, मूल काहीतरी बोललेले सापडते. आजी-आजोबांच्या फोनमधले जुने व्हॉइस मेसेजही आधी उतरवून घ्या, कारण जागा कमी पडली की पहिले तेच पुसले जातात. आणि घरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर थांबू नका. वयात येताना स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडा. हा बदल काही महिन्यांत उरकतो. आवाज अजून फुटलेला नसेल तर आज संध्याकाळी त्याला विचारा, दहा मिनिटे बोलशील का माझ्याशी.

आपले,
मुलांच्या भाषाविकासाच्या कामातील काही वाचक