गाडी झोपेपर्यंत थांबलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

करड्या गाडीवाली दांडिया बाजारची ताई म्हटलं की ओळखाल. डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवरचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा, लावल्यापासून जिची बॅटरी सकाळी उठायलाच तयार नसायची, ती गाडी. आता एका चावीत उठते. मजुरी तुम्ही सांगितलीत तेवढी दिली, पण तेवढ्याने हिशेब फिटला असं मनाला वाटत नाही, म्हणून हे उघड पत्र. चार लोकांनी वाचावं अशीही इच्छा आहे, आणि त्या चौघांत आधीचे दुकानदार निघाले तर दुधात साखर.

कॅमेरा हौसेपोटी घेतला नव्हता. आमच्या गल्लीत गाडी लावायची म्हणजे भिंतीला खेटून. नवरात्रात गरब्याच्या गर्दीत कुणीतरी आरसा मोडून गेलं, उतरायणाला गच्चीवरून काय पडलं देव जाणे, बॉनेटला पोचा आला. तेव्हा गाडी बंद असतानाही जागा राहणारा कॅमेरा हवा होता. लायटरच्या सॉकेटमध्ये आमच्याकडे चावी काढली की करंट जातो, म्हणजे फ्यूज बॉक्समधूनच वायर घेणं आलं.

ते काम आधी एका एसीवाल्या, काचेच्या दरवाज्याच्या दुकानाने केलं. नाव घेत नाही. ‘मॅडम, अर्ध्या तासात करून देतो’ म्हणाले आणि खरंच अर्ध्या तासात केलं, तीच तर पंचाईत. बॅटरी उतरायला लागली तेव्हा म्हणाले, जुनी झाली. नवी घातली. तीही उतरली. मग सल्ला मिळाला की गाडी रोज फिरवत जा. बाबांना पहाटेच्या पाळीला डायलिसिसला न्यायचं, आणि गाडी टकटक करून गप्प. अंधारात रिक्षासाठी न्यायमंदिरापर्यंत कशी धावले ते मला माहीत. त्यानंतर फोन केला तर त्यांचा मुलगा म्हणतो, ‘कॅमेरा काढून टाका ना, काय करायचाय तो?’ हे ऐकवायचे पैसे आधीच घेतले होते त्यांनी.

तुमच्याकडे आले तेव्हा दुपार होती. बाकावर डबा होता, नुकतं झाकण सैल केलेलं. मी घडाघडा सगळं सांगत होते आणि तुम्ही एकच विचारलंत, ‘गाडी बंद करून किती वेळ झाला?’ म्हटलं, आत्ताच तर आले. तुम्ही म्हणालात, ‘मग आत्ता मीटर लावला तर ती खोटं बोलेल. झोपू द्या तिला.’

मला वाटलं थट्टा करताय. पण तुम्ही बॅटरीच्या मायनसवर मीटर जोडलात, चालकाचं दार उघडंच ठेवून त्याच्या कुलपाची खाच स्क्रूड्रायव्हरने बसवलीत, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय, आणि रिमोटने गाडी लॉक केलीत. मग स्टूल ओढून बसलात. गाडी बंद केली तरी तिच्यातले कॉम्प्युटर लगेच बंद होत नाहीत, एकेक करत पेंगतात, ते सगळे झोपल्यावर बॅटरीतून जाणाऱ्या करंटचा जो आकडा राहतो तोच खरा, हे मला त्या स्टुलाशेजारी उभं राहून कळलं. मध्येच एक पोरगा येऊन दाराला रेलला तर तुम्ही हळू आवाजात दटावलंत, ‘अरे शांती राख, गाडी झोपलीये.’ मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. इतके दिवस सगळे मलाच गप्प बसवत होते.

आकडा तीनशे मिलिॲम्पिअरच्या वर अडकला. तुम्ही कॅमेऱ्याची जोडणी काढलीत आणि पुन्हा थांबलात. डबा तसाच. या खेपेला आकडा उतरत उतरत विशीत आला. पन्नासच्या आत म्हणजे गाडी निरोगी. तेव्हा तुम्ही मीटर उचलून माझ्याकडे फिरवलात आणि म्हणालात, ‘बघा ताई, बॅटरीचा काही गुन्हा नाही.’

काका, मला सगळ्यात जास्त हेच लक्षात राहिलं. मीटर माझ्याकडे फिरवलात ते. आतापर्यंत प्रत्येकाने स्वतः बघून मला निकाल सांगितला होता.

पुढचं काम तुमच्या हाताला नेहमीचं असेल, मी त्याचं वर्णन करत बसत नाही. तरी एवढं लिहितेच: आधीच्यांनी लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून, उघडी तार फ्यूजच्या पायाला गुंडाळून वर फ्यूज दाबला होता. दोन्ही वायरींना कायमचा करंट. गाडी बंद झाली हे कॅमेऱ्याला कळणार तरी कसं? तो बिचारा रात्रभर प्रवासात असल्यासारखा रेकॉर्डिंग करत बसायचा. वर कटऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेऱ्याने आपोआप बंद व्हायचं तो आकडा, 11.6 व्होल्टला ठेवलेला. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास असते, म्हणजे हा कटऑफ वरातीमागून घोडं. तुम्ही एक वायर कायम करंट असलेल्या जागी आणि दुसरी चावीबरोबर बंद होणाऱ्या जागी, फ्यूज टॅपने, म्हणजे फ्यूजच्या जागी नीट बसणाऱ्या जोडणीने घेतलीत, कटऑफ 12.2 वर आणलात. पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमागची वायर एअरबॅगच्या पुढून गेलेली दिसली, ती न सांगता काढून मागून फिरवलीत आणि त्याचा पैसाही लावला नाहीत. त्या खांबाशेजारी मीच बसते, काका.

सयाजीरावांनी 1890 साली याच बडोदे शहरात कलाभवन काढलं, हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकता यावं म्हणून. आता तिथे विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. तुम्ही तिथे गेला होता की नाही मी विचारलं नाही, पण अंदाजाने न बोलता मोजून बोलणारा माणूस शेडमध्ये भेटतो आणि एसीत भेटत नाही, याचं आता नवल वाटेनासं झालंय. सज्जनपणा म्हणजे गोड बोलणं अशी आपली समजूत असते. तुम्ही तर फार बोललाही नाहीत. ज्याचं बिल लावता येत नाही अशा वेळी तुम्ही बसून राहिलात, जेवण बाजूला ठेवून.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आमच्या वाड्यातल्या दोन घरांनी तुमचा पत्ता मागितला आहे, त्यातल्या एकाची गाडी त्याच काचेच्या दुकानातून आलेली. तुम्हाला विचारल्याशिवाय दिला नाही. पाठवू का ते कळवा. पाठवलं तर दुपारी तीननंतरच येतील, जेवणाच्या वेळेत कुणी येणार नाही हे माझ्याकडे लागलं.

तुमची,
दांडिया बाजारची ताई