काकाजी, तुमच्या पेन्सिलीच्या टिंबांसाठी

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव घालायचं म्हटलं, तर फोनवरच रागावलात. "नाव टाकशील तर तुझ्या घरी चहा घेणार नाही पोरी." म्हणून नाव न घेता, पण सगळ्यांसमोर लिहिते आहे. आभार मनातल्या मनात ठेवणं मला जमायचं नाही.

2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्याला 96वं साहित्य संमेलन झालं. नागपूरला परतीच्या गाडीत तुम्ही समोरच्या बाकावर होता, मांडीवर पुस्तकांची पिशवी, खिशाला पेन्सिल. चार वर्षं मी एक कादंबरी लिहीत होते आणि घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तुम्हाला मात्र बुटीबोरी येईपर्यंत सगळी सांगून टाकली. अजनीला उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "सांगून झाली. आता वाचायला दे."

412 पानं होती. आयुष्यभर वर्तमानपत्रात मुद्रितं तपासलेला माणूस, म्हणजे माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त होऊन येणार, अशी माझी समजूत. मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत तो गठ्ठा उघडला, तर एकही शब्द बदललेला नव्हता. समासात फक्त खुणा. "जिथे अडखळलो तिथे टिंब दिलं. जिथे उठून पाणी प्यावंसं वाटलं तिथे उभी रेघ. जिथे खरं नाही वाटलं तिथे प्रश्नचिन्ह. वाक्य तुझं आहे, तूच पाह्य." त्या दिवशी मला थोडं वाईटही वाटलं होतं, खरं सांगते. का अडखळलात, हे सांगितलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण तुमच्या एकेका टिंबापाशी बसून कारण शोधताना मी जे शिकले, ते सांगून शिकता आलं नसतं. कुठे एका वाक्यात तीन 'की' होते. कुठे कर्ता इतका मागे राहिला होता की क्रियापदापर्यंत पोचताना दम लागावा. मोठ्यानं वाचायला तुम्हीच लावलंत; निम्मी टिंबं तर कानानंच सोडवली.

दुसऱ्या प्रकरणात मात्र उभ्या रेघाच रेघा. त्या बावीस पानांवर माझा फार जीव होता. वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, त्या कापड गिरणीत, कताई खात्यात होते, म्हणून मिलचा सगळा इतिहास मी शोधून काढला होता. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू केली, त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून हे नाव. मग नव्या रिंग चात्या, यंत्रं, सगळं. तुम्ही विचारलंत, "हे तुझ्या बुढीला ठाऊक होतं काय?" कादंबरी जिच्या डोळ्यांनी चालते ती म्हातारी, गिरणी कामगाराची बायको. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बावीस पानं काढायला मला तीन आठवडे लागले. उरलं एवढंच: "मिल राणीच्या नावाची होती. कोणती राणी, हे तिनं कधी विचारलं नाही." तुम्ही ते वाचून पेन्सिल खाली ठेवलीत आणि चष्मा पुसलात. तसं कौतुक मला पुन्हा कुणाकडून मिळेलसं वाटत नाही.

भाषेचंही तसंच. माझी माणसं एकमेकांना "तू काय करत आहेस?" असं विचारत होती. नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत! पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही, या धास्तीनं मी त्यांच्या तोंडची बोली काढून घेतली होती, आणि तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीनं निघणारी मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणारा पुतळा, काय असते, हे दोन पानं समजावून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, इतवारीत एक सकाळ नुसती उभी राहा, वही काढू नको. राहिले. परत आले आणि "काय करून राहिला बे?" असं लिहिलं, तर तो पोरगा पानावरून माझ्याकडे बघू लागला. मारबतीचं स्पष्टीकरण गेलं. आता गर्दीत अंगणाच्या कडेला उभी राहून म्हातारी नुसती पुटपुटते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत."

आणि ते प्रश्नचिन्ह, पान 318 वरचं. 2005 सालच्या प्रसंगात मी पहाटे मिलचा भोंगा वाजवला होता. मिल 2002 मध्येच बंद झाली. ही चूक माझ्या हातून, त्या घरात वाढलेल्या मुलीच्या हातून व्हावी, याची मला लाज वाटली. मी प्रसंगच काढायला निघाले. तुम्ही थांबवलंत. "काढू नको. चूक काऊन झाली ते पाह्य." दोन दिवसांनी कळलं. भोंगा बंद झाल्यावरही आई पहिल्या पाळीच्या वेळेला उठायची, डब्यासाठी कणीक भिजवायची. मग म्हातारीही तशीच उठू लागली. भोंगा वाजत नाही, ती उठते. कादंबरीत मला सर्वात जवळचं वाटणारं पान तेच आहे, आणि ते तुमच्या एका प्रश्नचिन्हातून आलं.

एका प्रकाशकाकडून नकार आला तेव्हा मी बाड ओढणीत बांधून माळ्यावर टाकलं होतं. तुम्ही गुडघे दुखत असताना तीन मजले चढून आलात, काटोलच्या भावाच्या बागेतली संत्री घेऊन. ओरडाल असं वाटलं होतं. उलट म्हणालात, राहू दे माळ्यावर. आंबिया बहारासाठी झाडाला ताण देतात, जमीन पाहून महिना-दीड महिना पाणी तोडतात. पानं मलूल होतात, नवखा माणूस घाबरतो. मग पाणी सोडलं की फुलं येतात. "पण तारीख ठरवून ताण द्यायचा. विसरून गेलीस तर झाड वाळते." संक्रांतीला तिळगूळ देताना तुम्ही आठवण केलीत, आणि मी माळ्यावरून बाड काढलं. पहिली चाळीस पानं आपली वाटतच नव्हती. त्यामुळे ती निर्दयपणे कापता आली.

तिसरा खर्डा पूर्ण झाला, 287 पानं. तो आता दुसऱ्या प्रकाशकाकडे आहे. त्यांचं उत्तर काहीही येवो, मला आता माळा आठवत नाही.

आंबिया बहाराची संत्री निघाली की येते. सोबत नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण आणीन. त्यात दोन ठिकाणी मीच टिंब देऊन ठेवलं आहे. कारण अजून सापडलेलं नाही. चहा मात्र आमच्याकडेच घ्यायचा, नाव टाकलेलं नाही.

तुमची,
वर्ध्याच्या गाडीतली पोरगी